त्र्यंबकराव ब्रेक दुरुस्त करतात

मुलांनो, नीट मांडी घालून बसा, आणि हातातले मोबाईल जरा पालथे ठेवा.

एका जंगलात एक घाट होता. त्या घाटात नवा डांबरी रस्ता झाला. रस्ता होताच तिथल्या प्राण्यांना एकदम कळलं की देवाने दिलेले चार पाय आपल्याला पुरत नाहीत. मग ज्याने त्याने मोटार घेतली.

त्या जंगलात त्र्यंबकराव नावाचे एक रानडुक्कर राहत. जंगलकचेरीत शिक्के मारायच्या कामावरून ते निवृत्त झाले होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे आपल्याला सगळं येतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या पत्नीचं नाव कुमुदिनीबाई. त्यांची तशी समजूत नव्हती, पण त्यांना विचारतंय कोण?

घाटाच्या पायथ्याशी गुलाबमिस्त्री नावाच्या अस्वलाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे जांभळाखाली उभी केलेली पत्र्याची शेड. वर कुठल्या कंपनीची पाटी नव्हती. गुलाबमिस्त्री काही संत नव्हता. तो 'संध्याकाळी या' म्हणायचा आणि परवा गाडी द्यायचा. चहा प्यायल्याशिवाय बॉनेट उघडायचा नाही. पण त्याच्या हातून गेलेली गाडी घाट उतरायची आणि खाली येऊन थांबायची. मुलांनो, गाडीकडून याहून जास्त काही मागू नये.

एकदा त्र्यंबकरावांच्या गाडीच्या वायपरचं रबर फाटलं. ते त्यांनी स्वतः बदललं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजारी भालचंद्र मास्तर नावाचे सांबर होते. ते "वा!" म्हणाले. मास्तर कशालाही "वा!" म्हणत. त्यामुळेच ते गावकीच्या सभेचे अध्यक्ष होते.

त्या दिवसापासून त्र्यंबकराव स्वतःला मोटारीतले जाणकार समजू लागले.

पुढे गाडीचा ब्रेक आवाज करू लागला.

"अहो, ब्रेक दाबला की गाडी किंचाळते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "गुलाबभाऊंना दाखवून घ्या."

"कशाला? एक सांगायला जावं तर तो चार भाग बदलेल. चोर असतात सगळे."

"गुलाबभाऊंनी आपलं काय चोरलं?"

"चोरलं असतं तर कळलं असतं का आपल्याला? तो तेवढा हुशार आहे."

"पण तुम्हाला ब्रेकचं काम येतं का?"

"वायपर कुणी बदलला?"

"वायपर बिघडला तर समोरचं दिसत नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "ब्रेक बिघडला तर समोरचं छान दिसतं. थांबता तेवढं येत नाही."

त्र्यंबकरावांनी या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मोबाईल उघडला. त्यात परदेशातला एक पाणघोडा हसत हसत ब्रेकचे पॅड बदलत होता. पाणघोड्याची गाडी निराळी होती. भाषाही निराळी होती. ती कळत नव्हती, म्हणून त्र्यंबकरावांनी आवाज बंद केला आणि चित्रं पाहिली.

"मुद्दा कळला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंगणात जॅक लागला. गाडीचं एक चाक निघालं. गुलाबमिस्त्री त्या वाटेने बाजारात चालला होता. तो थांबला.

"साहेब, मागच्या चाकांना दगड लावा. गाडी अंगावर येईल."

"मला कळतं ते."

"पॅड तुम्ही बदला, काही बिघडत नाही. पुष्कळ लोक घरी बदलतात. पण घाटात न्यायच्या आधी एकदा मला बोलावून दाखवा. नुसतं बघायचे पैसे घेत नाही मी."

"नुसतं बघणार, आणि मग तोंड पाडून दहा दोष सांगणार. ओळखून आहे मी तुम्हा लोकांना!"

गुलाबमिस्त्रीने कुंपणाजवळचे दोन दगड उचलले, मागच्या चाकांना लावले आणि तो बाजाराला गेला.

त्र्यंबकरावांनी पॅड बदलले. खरं सांगायचं तर बरे बदलले. तिथेच ते थांबले असते तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी त्यांना थोडी रिकामी दिसली. तिच्या झाकणावर काय घालावं ते स्पष्ट लिहिलं होतं. त्र्यंबकरावांनी ते वाचलं नाही. नोकरीत त्यांनी फार वाचलं होतं, आता ते निवृत्त होते. घरात दिव्यात घालायचं करंजेल होतं. त्यांनी ते डबीत काठोकाठ ओतलं.

"हे चालतं का?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"तेल शेवटी तेलच असतं. वर हे शुद्ध आहे, घाण्याचं आहे."

ब्रेकचा आवाज गेला. नवे पॅड होते, जाणारच. त्र्यंबकरावांनी सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या, मास्तर "वा!" म्हणाले. आत मात्र ब्रेकची रबरं करंजेलाने हळूहळू फुगत होती. ती काही किंचाळत नव्हती.

मग कुमुदिनीबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. लग्न घाटाखाली होतं. कुमुदिनीबाई ठेवणीतला शालू नेसल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. भाचीला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. त्यामुळे त्या सकाळपासून खुशीत होत्या, ब्रेकचं विसरून गेल्या होत्या.

घाटाच्या अर्ध्यात त्र्यंबकरावांचा पाय ब्रेकवर गेला, आणि जातच राहिला.

"अहो, हळू."

"हळूच आहे."

"अहो, वळण आलं! थांबवा ना!"

"तेच करतोय मी!" त्र्यंबकराव ओरडले. त्यांचा पाय तळाला टेकला होता. त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

कुमुदिनीबाईंनी एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हाताने हॅन्डब्रेक हळूहळू ओढला. गाडी घसरली, दरडीला घासली, शेवटच्या वळणावर मंदावली. तरी ती थांबली नाही. गुलाबमिस्त्रीच्या शेडमध्ये घुसली आणि खांबाला धडकूनच थांबली.

खांब गुलाबमिस्त्रीच्या उजव्या पंजावर पडला.

अस्वल मोठ्याने विव्हळलं. मग श्वास घेऊन त्याने पहिलं विचारलं, "बाई, तुम्हाला लागलं का?"

कुमुदिनीबाईंनी शालूचा पदर टरकन फाडला आणि त्याचा पंजा बांधला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्र्यंबकराव गाडीतून उतरले, कपडे झटकले आणि म्हणाले, "रस्त्याच्या इतक्या जवळ शेड घालायची परवानगी कुणी दिली?"

गुलाबमिस्त्रीला वैद्याकडे पोचवून कुमुदिनीबाई तशाच फाटक्या शालूने लग्नाला चालत गेल्या.

सभा भरली. मास्तर अध्यक्ष होते. सगळ्यांनी शांतपणे विचार केला, आणि शांतपणे विचार केला की जंगलात नेहमी जो निकाल लागतो तोच लागला. शेड वाटेत होती. शेड नसती तर गाडी तिला धडकली नसती. सबब गुलाबमिस्त्रीने आपलं चंबूगबाळं नदीपलीकडे न्यावं. आणि भर घाटात डोकं शांत ठेवून हॅन्डब्रेक ओढल्याबद्दल त्र्यंबकरावांना शाल आणि नारळ देण्यात यावा.

कुमुदिनीबाई उभ्या राहिल्या. "हॅन्डब्रेक मी ओढला. यांनी डोळे झाकले होते."

"वहिनी, तुमच्या मनाला धक्का बसला आहे," मास्तर मायेने म्हणाले. "आम्ही समजू शकतो."

टाळ्या झाल्या. त्र्यंबकरावांनी नारळ घेतला.

आता शाल मिळालेला प्राणी घरी स्वस्थ बसतो का? त्र्यंबकरावांनी 'आपली गाडी आपल्या हाती' नावाचा वर्ग काढला. सगळं जंगल तिथे लोटलं. मिस्त्री कसे लुबाडतात हे ते दोन तास सांगत. शेवटची पाच मिनिटं उरली तर गाडीबद्दल बोलत. जो तो आपलं बॉनेट उघडू लागला. कुणाचा धूर आत येऊ लागला, कुणाचं चाक पुढे गेलं आणि गाडी मागे राहिली. नदीपलीकडे गुलाबमिस्त्री एका पंजाने पाना धरायला शिकत होता. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे शिकायला वेळ भरपूर होता.

मास्तरांनी आपल्या गाडीचं स्टिअरिंग स्वतः दुरुस्त केलं. पहिल्याच वळणावर गाडी डावीकडे वळायची ती सरळ गेली. मास्तर शिंगांपासून खुरांपर्यंत प्लास्टरमध्ये गेले. त्र्यंबकराव त्यांना पाहायला फुलं घेऊन गेले.

"मास्तर, तुम्ही एखादा वर्ग चुकवला असणार."

"असेल," मास्तर प्लास्टरमधून म्हणाले.

एका दुपारी कुमुदिनीबाई गुलाबमिस्त्रीच्या पंजाची चौकशी करायला नदीपलीकडे गेल्या. पाहतात तर त्यांचीच गाडी जॅकवर. बाजूच्या स्टुलावर त्र्यंबकराव चहा पीत बसलेले.

"तुम्ही इथे?"

त्र्यंबकरावांना ठसका लागला. "माझं निराळं आहे. मला वर्गाला रोज घाटातून जावं लागतं. धोका कसा पत्करणार?"

कुमुदिनीबाई अस्वलाकडे वळल्या. "भाऊ, यांचं काम कशाला घेता तुम्ही?"

"नाही घेतलं तर हे कुणाच्या तरी अंगावर जातील, बाई." गुलाबमिस्त्रीने डाव्या पंजाने शेवटचा बोल्ट आवळला आणि गाडी खाली घेतली. "झालं. आता थांबेल."

कुमुदिनीबाईंनी गुलाबमिस्त्रीकडून किल्ली मागून घेतली. त्या गाडीत बसल्या आणि भाचीच्या गावाला निघून गेल्या. वळणावर त्यांनी ब्रेक लावून पाहिला. उत्तम लागला. मग त्या पुन्हा म्हणून परतल्या नाहीत.

त्र्यंबकराव धापा टाकत, पायी, वर्गाला उशिरा पोचले.

"सर, गाडी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"घरी. सगळी खोलून ठेवली आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "स्वतःच्या हातांनी."

टाळ्यांचा इतका कडकडाट झाला की खिडक्या हादरल्या.

तात्पर्य : मुलांनो, आपली गाडी गुपचूप चांगल्या मिस्त्रीकडे द्यावी आणि ती आपणच दुरुस्त केली असं चारचौघांत सांगावं. हे जमत नसेल, तर गाडी कुणाच्या अंगावर घालायची आहे त्याच्या शेडची परवानगी आधीच तपासून ठेवावी.