लीलाबाईंची ट्रंक आणि जहाजाचा कायदा

जहाजाच्या कायद्याचं काही अडलं तर खुशाल माझ्याकडे या! शाळा मी दुसरीतच सोडली. मास्तरांना माझ्याशी बोलणं झेपेना! पण नात प्रियदर्शनी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. सुट्टीला उंब्रजला आली की भाकरी मी थापते आणि कायदे ती सांगते. ऐकून ऐकून मी तयार झाले.

त्यातला एक कायदा मला लय आवडला. जहाज बुडायला लागलं की कॅप्टन थोडा माल समुद्रात फेकतो. जहाज हलकं होतं, वाचतं. आणि फेकलेला माल कुणाचाही असो, नुकसान सगळ्यांनी वाटून सोसायचं! आमच्याकडं उसाची ट्रॉली रुतली की मोळ्या उतरवतात, तसंच. फक्त कुणाच्या मोळ्या उतरवायच्या यावरून आमच्याकडं डोकी फुटतात.

प्रियदर्शनीचं लग्न पलूसकडच्या उदयसिंहाशी जमत आलं होतं. पोरगा फौजेत, दोघांची मनं जुळलेली. पण त्याची आई लीलाबाई! तिचं एकच पालुपद, "सून पान्यावर, मग संसार काय मासं करनार?" शेवटी ठरलं, कोयनेच्या पाण्यापलीकडं त्यांचं कुलदैवत आहे, तिथं नारळ वाढवून सुपारी फोडायची. उन्हाळ्यात लाँच ठरवली. लीलाबाई भलीमोठी लोखंडी ट्रंक घेऊन आल्या. तोंडात नन्नाचा पाढा आणि ट्रंकेत सुनेचा शालू!

लाँचवर चढल्याचढल्या मी पुढची जागा धरली. "ह्या बोटीची कॅप्टन मी!"

"आजी, लाँच माझी हाय," लाँचवाला तानाजी म्हणाला.

"तू रस्ता दाव. हुकूम माझा!"

निम्म्या वाटेत धाडकन दणका बसला! लाँच एका अंगाला कलली, मशीन आजारी म्हशीगत घुरघुरलं.

"काय न्हाई आजी, आपन जरा..."

"गप! बुडतोय आपन! माल फेका!"

प्रियदर्शनी मागं उदयसिंहाशी हळू आवाजात बोलत होती. तिच्या कानावर जाईपर्यंत मी कामाला लागले होते. सगळ्यात जड काय? ट्रंक!

"आक्का! त्यात शालू हाय!" लीलाबाई किंचाळल्या.

"असू द्या! नुकसान समदी वाटून घिऊ. कायदाच हाय तसा!"

"शालूचं काय तुकडं वाटनार हायसा व्हय?"

मी खांदा लावला. धबाक्! सगळे वाकून बघायला लागले. ट्रंक काही बुडेना. चिखलावर टेकली, घसरत लांब गेली नि देवळाच्या पायरीसारखी अर्धी पाण्याबाहेर उभी राहिली. कुठनं तरी एक बगळा आला, तिच्यावर बसला आणि माझ्याकडं असा बघायला लागला, जशी मीच त्याच्या घरी न सांगता आलेली पाहुणी!

गुडघाभर पाणी! लाँच नुसती गाळात रुतली होती.

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. "आजी, धोका खरा असला तरच वाटणी होते. नाहीतर सगळं जहाजवाल्याच्या गळ्यात!"

"मग हाय की तानाजी!"

"मगाशी कॅप्टन कोन म्हनत हुतं?" तानाजीनं तोंड वळवून विचारलं. बिडी विझवत हसत होता मेला!

लीलाबाई मात्र हसल्या नाहीत. "जिची आजी अशी, ती नात आमच्या घरात काय काय बुडवंल? लाँच माघारी घ्या. न्हाई जमायचं हे!"

उदयसिंह खाली मान घालून बसला. प्रियदर्शनी पाण्याकडं बघत राहिली. एवढ्या लाटा बघितलेली पोर, पण पाठ फिरवून डोळे पुसायला लागली. मला ते बघवेना. साडी खोचली आणि उतरले पाण्यात.

पाणी गुडघाभर, पण चिखल मांडीभर! कशीबशी ट्रंकेपर्यंत पोचले, तिची कडी धरली आणि तिथंच रुतले. पाय हलेना! तानाजीनं दोर टाकला, तो आखूड पडला.

"शालू काढा!" लीलाबाई ओरडल्या.

"शालू?"

"भिजलाच हाय न्हवं! कमरंला बांधा, टोक हिकडं फेका!"

लीलाबाईंनी लाँचच्या काठाला पाय रोवला आणि असा हिसका दिला, की शेतातला मुळा उपटावा तशी मी सुटले! कडी मी सोडली नव्हती, म्हणून ट्रंकही माझ्यामागं घसरत आली.

"पोरी," लीलाबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुज्या कायद्यात वाचवनाऱ्याला काय मिळतं?"

"माणूस वाचवला तर काही नाही, ते कर्तव्यच. माल वाचवला तर बक्षीस मागता येतं."

"ऐका! काय न्हाई म्हनतीया!" मी चिखल पुसत म्हटलं.

लीलाबाईंनी माझ्या गळ्यातल्या सोन्याकडं बघितलं. "मग ही बोरमाळ मानूस हाय का माल?"

प्रियदर्शनी, माझी सख्खी नात, म्हणाली, "माल!"

आणि लीलाबाई खदखदून हसल्या! "आपल्या मान्साची बाजू न घेता खरं बोलतीया. पोरगी पसंत हाय आमाला! बोरमाळ ऱ्हाऊ द्या तुमच्याच गळ्यात. बक्षीस येवढंच, लगीन हुईस्तवर आक्कांनी तोंड उघडायचं न्हाई!"

तानाजीनं मशीन उलटं फिरवलं आणि लाँच अलगद सुटली. मगाशी तो तेच सांगत होता म्हणे. सुपारी फुटली.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. काल जेवणाचा बेत ठरला. पंगतीला बटाट्याची भाजी! माझ्या नातीच्या लग्नात, माझ्या डोळ्यांदेखत, बटाटा! मी नुसत्या बांगड्या वाजवत बसले. बोलायचं नाही म्हणजे नाही. पण लिहायचं नाही, असं कुठं ठरलंय?

फक्त लीलाबाईंना हे कुणी वाचून दाखवू नका. लग्न अजून व्हायचंय.