सोनीला सिग्नल दिसत नाही

आमच्या शेजारचे सावेकाका माणसांना सिग्नल देतात. दूधवाला पिवळा, म्हणजे जपून. गॅसवाला तांबडा, म्हणजे उंबऱ्याबाहेरच थांब. मी डहाणूच्या शाळेत नोकरीला लागलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्याला ही गोष्ट घडली तेव्हा तीन वर्षं झाली होती, तरी मी पिवळाच. हिरवा कुणालाच नाही. सख्ख्या भावालाही नाही.

काका रेल्वेत होते. आधी इंजिनावर, नंतर पार्सल ऑफिसात. इंजिनावर सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट, दोघांनी तो एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो, एवढं त्यांनी मला शिकवलं होतं. पण इंजिनावरून का उतरले, हे विचारलं की "तुला कशाला पाहिजे?" म्हणत आणि असे बघत, जणू मीच रूळ उखडून नेलेत. एकटेच राहतात. दर रविवारी सकाळी घरातलं सगळं सामान सरकवायचे, वाळवी लागली असेल म्हणून. तीन वर्षांत एक वाळवी सापडली नाही. "लपलीय," म्हणायचे. माझी रविवारची झोप त्या फरफटीत गेली.

२०१७ साली त्यांच्याकडे उंदीर झाले. जवळच्या कैनाड गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या लखमीने त्यांना एक मांजरी आणून दिली. फुकट दिली, हीच बिचारीची चूक. फुकट देते म्हणजे मालात खोट आहे, असं काकांनी मला भिंतीवरून सांगितलं. मांजरीचं नाव सोनी ठेवलं आणि त्याच दिवशी तिच्यावर पाळत सुरू केली.

पहिल्याच रविवारी सामान सरकलं आणि सोनी खुर्चीच्या पायावर धाडकन आपटली. झालं! काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. टॉर्चवर तांबडा जिलेटीन कागद लावून तिच्यापुढे हलवला, मग हिरवा लावला. सोनी ढिम्म. मग सुका बोंबील धरला, तर बरोब्बर हातापाशी आली. मी म्हटलं, दिसत नसतं तर आली कशी? काका म्हणाले, एक तर नाकाने आली, नाहीतर सोंग करतेय, आणि ते सोंग तिला लखमीनेच शिकवलंय. कपाळ माझं!

शेवटी पिशवीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गाईम्हशींचे, पण त्यांनी नीट तपासलं. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला जेमतेम उजेड कळतो. यावर औषध नाही. काकांना डॉक्टरांचाही संशय आला, म्हणून त्यांनी आणखी दोनदा तपासायला लावलं. येताना रिक्षात मात्र ते पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

मला वाटलं, आता लखमीची काही धडगत नाही. म्हणून मीच तिला बाजारात गाठून सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी मी काकांकडे बसलो होतो, तेव्हा ती टोपलीत दुसरं मांजर घेऊनच आली. फार ओशाळली होती, तिला खरंच माहीत नव्हतं.

"काका, ही मी परत नेते. हा बोका घ्या, याला बेस दिसते."

तिने सोनीला उचलायला हात घातला आणि काका मध्ये आले.

"मला बेचाळिसाव्या वर्षी असंच उतरवलं," ते म्हणाले. "डोळ्यांच्या तपासणीत नापास. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा चढला आणि गाडी वेळेवर सुटली. कुणी विचारलंसुद्धा नाही, सावे कुठे गेला. ही कुठे जायची नाही, लखमी."

लखमी टोपली उचलून गेली.  मग माझ्या लक्षात आलं, की आज रविवार असून सामान हललंच नव्हतं. प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या पायाभोवती खडूची खूण होती. उठताना मी माझी खुर्ची खुणेवर नेमकी ठेवली. तरी काकांनी वाकून तपासली. म्हणजे आमचा पिवळा कायम.

दारात चपला घालत होतो. सोनी ओट्याखालून निघाली आणि खोलीच्या मधोमध येऊन थांबली. काका गुडघे धरत जमिनीवर बसले.

"हिरवा आहे, सोनी," ते मोठ्याने म्हणाले. "सरळ ये."