जपानी पाहुण्याचं पान

आमच्या शेजारचे सर्जेराव मेजर बोलायला सुरुवात 'समजा'ने करतात, आणि त्यानंतर जे येतं त्यात चांगलं काहीही नसतं. "समजा, बेल्ट तुटला." "समजा, भिवघाटाच्या चढावर टायर बसला." "समजा, मोबाइलला रेंजच न्हाई." सकाळी दुधाला निघालेल्या माणसाला ते कोपऱ्यावर गाठतात, आणि तो बिचारा रिकामी किटली घेऊन घाबरत घरी परततो.

मेजर ही पदवी आटपाडीने दिलेली. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सर्जेराव तिथे ट्रक चालवायचे. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला दरी, अशा रस्त्यांवर त्यांनी उभी नोकरी काढली, आणि तेव्हा म्हणे गाणी म्हणत गाडी हाणायचे. घरी परतल्यावर काही वर्षांनी त्यांच्या बायकोच्या, रत्नावैनींच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला सांगलीला न्यायची वेळ आली. तेव्हापासून सपाट डांबरी रस्ता दिसला तरी मेजरांच्या तळहातांना घाम फुटतो.

त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये दोरखंड, दोन जॅक, पाण्याचे कॅन, बॅटऱ्या आणि एक कुदळ असते. कुदळ कशाला, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही. वैनी म्हणतात, "मला तेवढी जागा ठिवा. न्हाईतर टपावर बांधा."

गाडीत बोलायला बंदी. कुणी तोंड उघडलं की मेजर ओरडणार, "गप! ऐकू द्या जरा." इंजिन पिठाच्या गिरणीसारखं खडखडायचं, त्यात मेजरांना काय ऐकायचं असायचं ते देवाला ठाऊक. आम्ही समजायचो की फौजी ड्रायव्हर आहे, मशीनची नाडी बघत असेल.

शेवटी एकदा सांगलीला जाताना त्या इंजिनाने चढावरच मान टाकली. दोरखंड कामाला आला. एका ट्रॅक्टरने व्हॅन ओढत परत आणली. वैनींचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने नेईपर्यंत त्यांना आडवं होता येईना, श्वास पुरेना. मेजर त्यांच्या पाठीला हात लावून बसून होते. एरवी दहा 'समजा' म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकही 'समजा' काढला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मलकापूरच्या सलीम मिस्त्रींनी निकाल दिला. "मेजर, ह्यात आता राम न्हाई. जपानवरनं जुनी इंजिनं आल्यात. त्यातलं एक बसवू. लय गुळगुळीत चालतं." इंजिन बसलं. सोबत म्हणून मी गेलो होतो. मेजरांनी नव्या इंजिनावरून हात फिरवला आणि विचारलं, "ज्याचं हुतं, त्यो मानूस कुटं हाय?"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "काय ठावं? गाडी ठोकली आसंल कुटंतरी. म्हणून तर इंजिन सुटं झालं."

झालं. परतताना अख्खा रस्ता मेजर गाडी अशी चालवत होते की जणू मागे कुणी बसलं आहे. विटा आल्यावर म्हणाले, "सर, समजा त्येचा जीव ह्यात आडाकला आसंल. आन समजा, घाटात त्यो म्हणाला, थांब. तवा मागं ही बसल्याली आसंल." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सर्वपित्री अमावस्या जवळ आली होती आणि त्याच दिवशी डायलिसिसची पाळी होती. नव्या इंजिनावरचा वैनींचा तो पहिलाच प्रवास. मेजरांनी ठरवलं, आधी त्या जपानी माणसाचं पान वाढायचं, मगच निघायचं. मी भूगोल शिकवतो म्हणून तो काय खातो हे मला विचारण्यात आलं. मी म्हणालो, "भात. आणि मासे."

"पितरांच्या पानात मासळी?" वैनी खाटेवरून कडाडल्या. "आवं सर, तुमी तरी!"

अखेर भात, खीर, वडे आणि बिनदुधाचा चहा, असं पान व्हॅनच्या बॉनेटवर मांडलं गेलं. वैनी मागच्या सीटवर बसल्या. त्यांचे पाय सुजले होते. लिंबावर कावळा होता, पण खाली येईना.

मेजर हात जोडून म्हणाले, "पावणं, तुमच्या इंजिनाला रेस करनार न्हाई. ऑइल येळच्या येळी बदलीन." कावळा ढिम्म. "तुमची पोरंबाळं आसतील तितं सुखात राहू द्यात." कावळ्याने मान वाकडी केली, इतकंच. ऊन चढत होतं. हॉस्पिटलची वेळ टळली तर काय होतं ते मी पाहिलं होतं. मी सारखं घड्याळ बघत होतो.

मेजरांनी डोक्यावरची टोपी काढली. आवाज अगदी खाली गेला. "काय राहिलं आसंल तर माझ्यावर काढा. हिला तेवढं पोचवा. आन माघारी आना. मला दुसरं कुनी न्हाई."

तेवढ्यात व्हॅनचं दार सरकलं. वैनी धापा टाकत म्हणाल्या, "आवं, त्यो जिता आसंल की! जुनी गाडी मोडीत घातली आसंल न् नवी घेतली आसंल. जित्या मानसाच्या पानाला कावळा कसा शिवंल?"

मेजर आ वासून बघत राहिले. इतक्या दिवसांच्या 'समजां'मध्ये हे एक त्यांना सुचलंच नव्हतं. "जिता आसंल?" ते मला विचारू लागले. "खरंच, सर?" मी मान हलवली. त्यांनी बॉनेटवरचं पान उचलून भिंतीवर ठेवलं, डोळे पुसले आणि घाईने किल्ली फिरवली. मी त्यांच्या शेजारी बसलो.

घाट आला. इंजिन कुरकुरलं नाही, त्याला धाप लागली नाही. मेजरांचे हात मात्र स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "मेजर, बघा, आवाजच नाही इंजिनाला."

"गप!" ते पुटपुटले. "ऐकू द्या."

इंजिनाला आवाजच नाही, मग हा माणूस ऐकतो तरी काय? मी वर आरशात पाहिलं. आरसा खाली वळवलेला होता. त्यात मागचा रस्ता दिसतच नव्हता. डोळे मिटून टेकलेल्या वैनी तेवढ्या दिसत होत्या. मीही कान दिला. बारीक, तुटक, पण सुरू असलेला त्यांचा श्वास मला ऐकू आला.

मेजर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "सर, जुन्या इंजिनात ह्ये काय बी ऐकू यायचं न्हाई."