माझ्या चौकातला नवा दिवा

उत्तर जपानातल्या आमच्या आकिता प्रांतातल्या या गावात सिग्नलला एलईडी दिवा आणला तो मी! म्हणजे बसवला सरकारने, पण अर्ज करून करून साहेबांना सळो की पळो केलं ते मी, वस्तीमंडळाचे अध्यक्ष नारिता यांनी. चौकातच माझं लोणच्याचं दुकान. त्याच्या भिंतीवर मी पाटीही ठोकली : ‘हा दिवा अध्यक्ष नारिता यांच्या दूरदृष्टीने.’

“बाबा, नवा दिवा तापतो का हो?” सायोकोने, माझ्या लेकीने, तेव्हाच विचारलं होतं.

“तापेल कशाला? जुना बल्ब निम्मी वीज तापण्यातच घालवायचा!”

माघात सायोकोची सोयरीक ठरवायला मुलाचे आईवडील आले, थेट दक्षिण जपानातल्या उबदार कोचीहून. मुलाचे वडील हामागुचीसान यांचं म्हणणं एकच : सून शहाण्या माणसांच्या घरातली हवी. म्हटलं, मग काय, काम झालंच!

स्टेशनवरून त्यांना गाडीत घेऊन चौकात आलो, तर सिग्नलवर बर्फाची जाड टोपी! लाल की हिरवा, काही कळेना. जुना बल्ब बर्फ वितळवायचा, हा थंडगार राहून नुसता आत बसला होता.

समोर दूधवाला. त्याने वाकून नमस्कार केला, “आधी तुम्ही!”

मी वाकलो, “छे, छे, आधी तुम्ही!”

डावीकडून बसवाला वाकला. उजवीकडून गॅसवाला वाकला. चारी बाजूंनी नमस्कार, आणि हलायला कोणी तयार नाही! मागे रांग लागली. घरी कियोए, म्हणजे आमची ही, जेवण गरम करून थकली असणार.

“हा दिवा बसवायची अक्कल कोणाची हो?” हामागुचीसाननी विचारलं.

“असेल कोणी सरकारी शहाणा!” मी म्हणालो. मागे बसलेल्या सायोकोला मोठा खोकला आला.

शेवटी मी उतरलो, दुकानातून लांब बांबूचा झाडू आणला आणि सिग्नल झाडू लागलो. सगळा बर्फ माझ्या कॉलरमध्ये! तेवढ्यात हामागुचीसानही उतरले. जन्मात एवढा बर्फ न पाहिलेला माणूस! लहान मुलासारखे हरखले होते. दारातली केरसुणी उचलून माझी भिंतच झाडायला लागले.

“अहो, राहू द्या! राहू द्या!” मी ओरडलो.

“छे हो! आता आपण घरचेच!” ते म्हणाले आणि दुप्पट जोराने झाडू लागले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

बर्फाखाली दडलेली पाटी उघडी पडली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. दूधवाल्याने मान खाली घातली. सायोकोचा चेहरा पांढराफटक पडला.

हामागुचीसाननी केरसुणी भिंतीला टेकवली. मग कमरेत वाकून म्हणाले, “नारितासान, लग्न नक्की! मुलगी गुणी आहे, खोकते वेळेवर. फक्त लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांचं आम्ही बघतो.”

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. मुळ्याच्या लोणच्यावर दाब म्हणून ती आता फार चांगली बसते.