चंपतरावांचा कूलर आणि श्रीधरची गोष्ट

श्रीधरने घरात जाहीरच करून टाकलं होतं, की या मे महिन्यात दोन गोष्टी होणार. कथालेखनाच्या शिबिरात त्याचा पहिला नंबर येणार, आणि शेजारच्या चंपतरावांचा कूलर बोळातून हलणार. पैकी एक झाली. तिच्यामुळे दुसरी कशी राहिली, तेच सांगायचं आहे.

स्कूटरसाठी नंबर लावून माणसं अर्धी म्हातारी होत, त्या काळातली ही हकिकत. हुडकेश्वरच्या रस्त्याला लागून श्रीधरचं घर, त्याला खेटून चंपतरावांचं, आणि मधे एक बोळ. इतका अरुंद, की पोटभर जेवलेल्या माणसाने त्यात शिरू नये. मागच्या अंगणात जायची वाट तेवढीच. आणि त्याच बोळात चंपतरावांनी खिडकीला कूलर लावलेला. कूलर कसला, वाळ्याच्या ताट्या ठोकलेलं लोखंडी कपाटच ते. चालू झाला की श्रीधरच्या भिंतीवरच्या तसबिरी माना डोलवत.

श्रीधरची स्कूटर आता आठवडाभरात यायची होती. कूलर हलला नाही तर ती अंगणात जाणार नव्हती.

"सडकेवर मी गाडी ठेवू देणार नाही," बायकोने, प्रेमिलाने, बजावलं. "पोट्टे सीट फाडतीन. त्यापेक्षा कुही गावी रविंद्रले देऊन टाकीन. माझ्या भावाचं आंगण तरी मोठं आहे."

मोहल्ल्यातली भांडणं नानाजींच्या ओसरीवर तुटत. येत्या रविवारी कूलरचा निकाल होता. त्याच आठवड्यात शिबिर. शिकवायला मीराबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी श्रीधरच्या कथा वाचल्या आणि बाजूला ठेवल्या.

"तुमच्या कथेतला सज्जन दर वेळी तुमच्यासारखाच चष्मा लावतो," त्या म्हणाल्या. "आणि दुर्जनाला बिचाऱ्याला तोंड उघडायला मिळत नाही. ज्याच्याशी तुमचं हाडवैर आहे, त्याच्या तोंडून एक गोष्ट लिहून आणा. 'मी' म्हणजे तो."

हाडवैरी शोधायला श्रीधरला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खड्या आवाजात वाचलं, "मी चंपतराव. मी अत्यंत नालायक मनुष्य आहे. शेजाऱ्यांचा छळ व्हावा म्हणून मी कूलर लावला आहे."

"जगात कोणता माणूस स्वतःला नालायक समजतो?" मीराबाईंनी विचारलं. "तो कूलर तिथेच का लावतो?"

"सवय आहे जी त्याले."

"जाऊन बघा."

श्रीधर हातात वाटी घेऊन गेला. चंपतरावांनी दार अर्धंच उघडलं.

"काय पाहिजे?"

"विरजण."

"तुमच्या घरी दही काहून नाही लागून राहिलं?" असं म्हणत त्यांनी आत घेतलं.

चंपतरावांचा मिरचीचा धंदा. पुढच्या खोलीत भिवापुरी मिरचीची पोती छताला टेकलेली. श्रीधरला पहिल्या शिंकेला वाटी सुटली, दुसरीला चष्मा, आणि तिसरीला तो स्वतः आतल्या खोलीत जाऊन पडला.

"मागच्या साली समोरच्या खिडकीले कूलर लावून पाहिला," चंपतराव म्हणाले. "हवा मिरचीच्या पोत्यांवरून आली, अन् माझ्या बायकोचा, बायजाचा, दमा उसळला. सारा मोहल्ला शिंकत होता. तुमीच तर विचारत फिरत होते, साथ आली का मनून."

श्रीधर उठला आणि त्या बदनाम खिडकीतून त्याने पहिल्यांदाच आपलं घर पाहिलं. त्याच्या मोरीचं पाणी थेट चंपतरावांच्या भिंतीत मुरत होतं.

मग तो लिहीत सुटला. ऑफिसात लिही, जेवताना पुटपुट. एकदा ताटावरच म्हणाला, "त्या मोरीनं आपली भिंत खाल्ली."

"आपली?" प्रेमिलाने पोळी हातातच धरली. "तुमी कोणाच्या बाजूनं आहा जी?"

"कलेच्या."

"कला स्कूटर आत नेऊन देते का?"

शनिवारी त्याने गोष्ट वाचली. मीराबाईंनी वही मागून घेतली. मग म्हणाल्या, "ही गोष्ट आहे. आधीच्या नुसत्या तक्रारी होत्या." पहिला नंबर आला. त्या संध्याकाळी श्रीधर जमिनीपासून वीतभर वरून चालत घरी आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रविवारी ओसरी भरली. नानाजी म्हणाले, "चंपत, आधी तू सांग गा. कूलर तिथंच काहून?"

चंपतराव मिरची तोलण्यात पटाईत, बोलण्यात नाही. "ते असं आहे नानाजी... शिंका... मंजे हवा तिकडून... अन् बायजा... मंग पोते..."

"शिंकेवर चालते का तुमचा कूलर?" मोहल्ल्यातल्या भीमाबाईने विचारलं आणि ओसरी हसली.

खटला तिथेच जिंकला होता. श्रीधर नुसता हाताची घडी घालून बसता तरी संध्याकाळपर्यंत बोळ मोकळा होता. प्रेमिलाने तर पदर सारखा करून घरी निघायची तयारी केली. पण श्रीधर चुळबुळत पुढे सरकला. पहिल्या नंबरची गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत मातीत चालली होती. शेवट आधी, मधलं गायब.

"नानाजी, असं नाही ते," तो उठला. "सुरुवात पोत्यांपासून पाहिजे."

चंपतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते खाली बसले. श्रीधरने सुरू केलं, "मी चंपतराव..."

पोती सांगितली, दमा सांगितला, शेजारच्या चष्मेवाल्याने पाणी मुरवून पोखरलेली भिंत सांगितली. आवाज खाली आणून म्हणाला, "लाइट गेली की मी उठतो. रुमाल ओला करतो, अन् झोपलेल्या बायजाच्या कपाळावर ठेवतो."

भीमाबाईने डोळ्यांना पदर लावला. मागून कोणीतरी विचारलं, "तो चष्मेवाला कोण गा, एवढा बदमाश?"

"हाच," नानाजी म्हणाले, आणि त्यांनी निकाल दिला. कूलर तिथेच राहील. श्रीधरने मोरीचं तोंड फिरवावं.

आठवड्याने स्कूटर आली. रविंद्र कुहीहून बसने आला आणि स्कूटरवर गेला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी चंपतराव दारात उभे. चेहरा उतरलेला.

"श्रीधरभाऊ, गोष्ट झकास सांगतली. पण तो ओला रुमाल मी कधी ठेवला?"

"ते गोष्टीत लागते जी."

"तुमच्या गोष्टीत एकदा लागला, माझ्या घरी रोज लागून राहिला. बायजा मनते, झोपेत मले कळलं नसन, आता मी जागी असताना ठेव. हात गारठले माझे." एवढं बोलून ते लगबगीने परत गेले. लाइट जायची वेळ झाली होती.

प्रेमिला आतून सगळं ऐकत होती. "ते रुमालाचं तुमाले सुचलं कसं?" तिने विचारलं.

श्रीधरने चष्मा पुसला. "कल्पनाशक्ती."

"तेच मनलं मी," प्रेमिला म्हणाली. "अनुभव तर नसन."