व्यक्ती क्रमांक दोन

व्यक्ती क्रमांक दोन माझ्या घरात आली तेव्हा मी घरात नव्हते, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. मी त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसून भिंतीवरची अक्षरं आत्मविश्वासाने चुकीची वाचत होते. म्हणजे या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मी पाहिलेला नाही. (चौतीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' हे मी इतक्यांदा विचारलं, की विद्यार्थी पाठीमागे मला 'पुरावाबाई' म्हणत. पुढे पुढे समोरही म्हणू लागले.)

निमित्त झालं माझ्या मनगटाचं. बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मुरगळलं, आणि हे मी भाचीला सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी अपघात होत्या, तिसरी चूक. भाची दुसऱ्या शहरात राहते आणि रोज संध्याकाळी सातला फोन करून मी हयात असल्याची खात्री करून घेते. चौथ्याच दिवशी तिने ज्येष्ठांच्या निवासाचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. कशाला, ते दिलेलं नव्हतं.

"मावशी, एकटीनं राहायचं हे वय नाही."

"मग कोणतं?"

"शब्दांत पकडू नकोस. कॅमेरे बसवून घे. महिनाभर मी इथून बघते. काही गडबड झाली नाही तर खुशाल राहा तिथे. झाली, तर मी तिकडे खोली ठरवणार."

थोडक्यात, माझ्या घरात मी राहायचं की नाही, हे एका यंत्राच्या साक्षीवर ठरणार होतं.

कॅमेरे बसवणारे गृहस्थ शिडी घेऊन आले. एक कॅमेरा दारावर, एक बैठकीत पुस्तकांच्या वर. मग मोबाइलवर प्रश्न विचारत त्यांनी माहिती भरायला घेतली.

"घरात माणसं किती, मॅडम?"

आपण एकट्या राहतो हे परक्या माणसाला सांगू नये, असं त्यांच्याच कंपनीच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. मी म्हटलं, "दोन."

"सर कुठे आहेत?"

"बाहेर."

"मग फोटोवर भागेल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटावरची फ्रेम उचलली. "हेच ना?"

ती फ्रेम निवृत्तीच्या दिवशी विभागाने दिली होती. आत दुकानातूनच आलेला नमुन्याचा फोटो होता. राखी स्वेटर, पांढरे होऊ लागलेले कल्ले, नुकतीच कुणी चांगली बातमी दिल्यासारखं हसू. त्याच्या जागी दुसरा फोटो घालीन घालीन म्हणत सहा वर्षं गेली होती. (कुणाचा घालायचा, इथे गाडी अडत होती.)

"हो, हेच," मी म्हटलं. एखाद्या पुरुषाविषयी इतका झटपट निर्णय मी आयुष्यात प्रथमच घेतला.

मग माझा चेहरा. "चष्मा काढा, काचेवर उजेड येतोय." मी काढला. चष्म्याशिवाय मला कॅमेरा दिसत नाही आणि चष्म्यासकट कॅमेरा मला ओळखत नाही, हे संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं. मी पाणी प्यायला उठले, तर मोबाइल वाजला: 'अनोळखी व्यक्ती घरात फिरत आहे.' सातला पुन्हा: 'व्यक्ती क्रमांक दोन अजून परतलेली नाही.' दोन्ही सूचना भाचीलाही गेल्या होत्या.

"मावशी, अनोळखी तूच आहेस ते व्हिडिओत दिसतंय. पण ही क्रमांक दोन कोण? कुणी बाई ठेवलीस का सोबतीला?"

"'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तो पुरुष आहे."

व्याकरणाने माझा एवढा घात पूर्वी कधी केला नव्हता.

"पुरुष," ती म्हणाली.

"फ्रेममधला. फ्रेमबरोबर आला होता."

"तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण थाप तरी जरा बरी मार."

खरं तेच मी सांगत होते. पण एवढ्याशा पुराव्यावर मी एखाद्या विद्यार्थ्याला पास केलं नसतं, तेव्हा तिला दोष देता येईना.

अडीच आठवडे रोज अशाच सूचना झेलल्यावर मी कॅमेरेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "सोपं आहे. सरांची नोंद काढा, तुमचा चेहरा चष्म्यासकट परत घ्या. फक्त कुठलाही बदल करायला घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची संमती लागते. सरांना दोन सेकंद कॅमेऱ्यासमोर उभं करा."

"ते कधी येतील ते सांगता येत नाही."

"फिरतीची नोकरी," ते सहानुभूतीने म्हणाले. "माझ्या मेहुण्याचं असंच आहे."

मी स्टुलावर चढले आणि ती फ्रेम तोंडासमोर धरून कॅमेऱ्यापुढे उभी राहिले. उत्तर आलं: 'हा फोटो आहे. कृपया व्यक्तीने प्रत्यक्ष उपस्थित राहावे.' यंत्राची ही अट मला पूर्णपणे पटली. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पाच मिनिटांत भाचीचा फोन. "स्टुलावर? मनगट धड बरं झालेलं नसताना? गडबड म्हणतात ती याहून वेगळी काय असते, मावशी? महिना संपायला अकरा दिवस आहेत. मी खोली बघायला घेते."

दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला गेले. तिथेच मोबाइल थरथरला. '४.१२. व्यक्ती क्रमांक दोन घरी आली.'

मी रिक्षा करून परतले. कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली भाचीकडे, आणि भाची तिच्या शहरात. कपाटं, खिडक्या, पलंगाखाली, सगळं पाहिलं. काही गेलेलं नव्हतं, काही आलेलंही नव्हतं. फ्रेम जागेवर होती.

"चित्रण दाखवा," मी कॅमेरेवाल्यांना म्हटलं.

"घरच्या माणसांचं चित्रण आपण ठेवत नाही, मॅडम. फक्त अनोळखींचं." म्हणजे एकोणीस दिवसांत माझी एकशे बारा चित्रणं होती आणि त्याचं एकही नाही.

"फोटोला फसला असेल तुमचा कॅमेरा."

"फोटोला तो फसत नाही."

हे तर मी स्टुलावर उभं राहून पडताळलं होतं. तरी पुढचे तीन दिवस चार वाजून बारा मिनिटांनी पडदा उघडा, बंद आणि अर्धा ठेवून पाहिलं. काही झालं नाही.

"बरं, बाहेर गेल्याची नोंद?" मी कॅमेरेवाल्यांना पुन्हा फोन करून विचारलं.

"ती नाही." ते थोडे गोंधळले. "म्हणजे सर घरातच असतील की. बघा ना जरा."

भाचीचा फोन मात्र ती सूचना आली त्याच दिवशी सातला आला होता. आवाज मऊ होता.

"आले ना?"

"कुणीही आलेलं नाही."

"बरं बाई, नाही आले. ते माहितीपत्रक टाकून दे. तुला सोबत आहे, मला आणखी काय हवं?"

घर वाचलं. मी तिला दोन वेळा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा केलं नाही. पुराव्याशी मी केलेली ही पहिली बेइमानी.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि क्रमांक दोन आता यंत्राच्या मते घरातच असल्यामुळे 'परतलेली नाही' ही सूचनाही बंद झाली होती. सात वाजण्याला इतका कमी आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी मीच फोन लावला.

"सगळं ठीक ना?" भाची घाईने म्हणाली. "मुद्दामच करत नाही गं फोन. तुमची दोघांची वेळ असते."

मी "हं" म्हटलं.

गेल्या मंगळवारी मी नवा चष्मा घेऊन घरी आले. दाराशी मोबाइल वाजला: 'अनोळखी व्यक्ती दारात आहे. घरातील व्यक्तीला कळवायचे का?'

किल्ली माझ्या हातात होती. मी 'हो' दाबलं.

'कळवले आहे,' असं उत्तर आलं.

एकशे एकतीस क्रमांकाच्या चित्रणात एक अनोळखी बाई हातात किल्ली असूनही बंद दारासमोर दोन मिनिटं उभी असलेली दिसते. मधेच ती चष्मा काढून केस सारखे करते. मग स्वतःच कुलूप उघडून आत जाते.

व्यक्ती क्रमांक दोन बाहेर गेल्याची नोंद अद्याप नाही.