तिसरी हाक

आमच्या मोहल्ल्यातले डोमाजीकाका चहासुद्धा कोर्टातल्यासारखा मागायचे. अंगणात उभं राहून, तोंडाला हात लावून ओरडायचे, "यशोदाबाई जौजे डोमाजीऽऽ, हाजिर होऽऽ!" आतून काकू म्हणायच्या, "हाजिरच हाय ना बाप्पा, चुलीपाशी! साऱ्या मोहल्ल्याले चहा पाजता काय?"

काका सौंसरच्या कोर्टात पुकारा करायचे. दारात उभं राहून पक्षकारांची नावं, 'वल्द' म्हणून बापाचं किंवा 'जौजे' म्हणून नवऱ्याचं नाव जोडून, तीनदा ओरडायची, हे त्यांचं काम. तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही, की आत कागदावर 'गैरहाजिर' लिहिलं जायचं. काकांची तिसरी हाक मात्र लवकर यायची नाही. दुसरीनंतर ते चष्मा पुसत, मग चपलेतला खडा काढत. बोरगावची एखादी म्हातारी बसमधून उतरून धावत येताना दिसली, की त्यांना एकदम खोकला लागे.

आतून कारकून विचारी, "डोमाजी, तिसरी झाली का?"

"घसा साफ करून राहिलो साहेब!"

मी तेव्हा छिंदवाड्याला बी.ए. करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इतिहासाच्या सरांनी आपल्या गावातल्या जुन्या इमारतीवर लिहून आणायला सांगितलं होतं. सौंसरचं जुनं कोर्ट पाडणार होते, म्हणून सुट्टीत वही घेऊन काकांकडे गेलो आणि ते कोणत्या साली बांधलं, असं भीतभीत विचारलं.

"साल लिहून काय करतं? आवाज लिही," काका म्हणाले.

त्यांच्या हिशेबात सौंसरला तीन कोर्टं झाली. पहिलं मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं. तिथे त्यांचे वडील पुकारा करत. "तेथी ओरडाच नाही लागे. साहेब शिंकला तरी बाहेर समजे." दुसरं, आता पाडायचं होतं ते, काळ्या दगडाचं, उंच छताचं, पुढे पाच कमानींची ओसरी. मधल्या कमानीत उभं राहून हाक दिली की ती चिंचेखालच्या माणसांना ओलांडून पार बसस्टँडपर्यंत जाई. तिसरं हे नवं, सिमेंटच्या स्लॅबचं, आत लांबलचक बोळ.

"हे कोर्ट आवाज खाते बाबू. आवाज भिंतीलेच धडकते, आन् माणूस झाडाखाली बिडी पीत बसते. आवाज पोचला पायजे!"

म्हणून नव्या कोर्टात ते प्रत्येक हाकेला बोळातून पळत बाहेर येत. लोक म्हणत, "काहून जी डोमाजी, शर्यतीत नाव देल्लं काय?" मीही हसायचो.

काकांचा मुलगा मिलिंद माझ्याच वर्गात होता. मॅट्रिकला मी पास झालो, तो नापास झाला. त्या दिवशी काका त्याच्यावर इतके ओरडले, की सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. दुपारच्या बसनं तो नागपूरला गेला. तीन वर्षं झाली, चिठ्ठी नाही. कोणी विचारलं तर काका म्हणत, "गेला तं गेला." माझ्याशी बोलताना ते त्याचं नाव कधीच काढत नसत. मीही काढत नसे. मला पास झाल्याची उगीच लाज वाटायची.

कोर्ट पाडण्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, मी कमानींचं माप घ्यायला गेलो. दारं-खिडक्या आधीच काढून नेल्या होत्या. मधल्या कमानीत काका उभे होते. सुट्टीचा दिवस, तरी अंगावर कोर्टाचा पांढरा ड्रेस आणि पट्टा. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तोंडाला हात लावला.

"मिलिंद वल्द डोमाजीऽऽ, हाजिर होऽऽ!"

आवाज छताला लागून घुमला आणि चिंचेपलीकडे गेला. बसस्टँडवर नागपूरहून आलेली बस उभी होती. उतरलेली दोन-तीन माणसं वळून बघू लागली. काका एकेकाचा चेहरा बघत राहिले.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरी हाक दिली. मग वाकून चपलेतला खडा काढला. चपलेत खडा नव्हता.

बस छिंदवाड्याकडे निघून गेली. तरी ते तसेच उभे. मी जवळ गेलो. विचारलं, "काका, तिसरी?"

"नाही बाबू," पायऱ्या उतरत ते म्हणाले. "तिसरी देल्ली का गैरहाजिर लिहा लागते."